खिडकीएवढं झाड

डोंगरकड्यात पद्माबाई पाईकराव कुठं राहतात असं विचारलं तर माणूस जरा घुटमळतो. फौजीणबाई कुठं राहतात म्हटलं की लगेच हात वर करून कालव्याकडची वाट दाखवतो. नवरा नरसिंग फौजेत हवालदार होता, त्यावरून हे नाव पडलं आणि तेच राहिलं. कालव्याच्या अलीकडं त्यांची थोडी केळी आहे आणि केळीला लागून पत्र्याचं घर. शेतातल्या अशा घराला आमच्याकडं आखाडा म्हणतात. या आखाड्याच्या मागच्या खिडकीसमोर हायड्रेंजियाचं एक झाड उभं आहे. एकच खोड, वर छत्रीसारखा पानांचा घेर आणि पावसाळ्यात डोक्याएवढाले फुलांचे गेंद. हे झाड थंड डोंगरी मुलखातलं. आमच्या काळ्या मातीत, आमच्या उन्हाळ्यात ते जगलं कसं, हे विचारायला लोक येतात. पद्माबाई सांगतात. पण झाडाचं सांगायचं तर आधी लेकीचं सांगावं लागतं.

पद्माबाईंचं लग्न लहान वयात झालं. नरसिंग वर्षाकाठी एकदा सुटीवर यायचा, घराचं छप्पर नीट करायचा, नातलगांना भेटायचा आणि पुन्हा ट्रंक घेऊन निघायचा. दोघांनी मिळून असा संसार तरुणपणी एकदाच केला. शिलाँगच्या पुढच्या डोंगरात नरसिंगला फॅमिली क्वार्टर मिळालं तेव्हा. तिथं सारखा पाऊस. कपडे वाळत नसत, आगपेटी सादळायची. क्वार्टरांच्या भोवती याच हायड्रेंजियाचं कुंपण होतं, निळ्याशार फुलांचं. पद्माबाईंना त्याचं नावही ठाऊक नव्हतं. तिथंच त्यांची पहिली मुलगी जन्मली. नाव ठेवलं गौतमी.

गौतमी भिंतीला धरून चालायला लागली होती, तेव्हा तिला न्युमोनिया झाला. दरड कोसळून मोठ्या दवाखान्याचा रस्ता बंद झालेला. पलटणीतल्या नर्सिंगवाल्यानं जवळ होती ती औषधं दिली, रात्रंदिवस बसून राहिला. सकाळी पोरीचा श्वास थांबला. क्वार्टरामागच्या उतारावर नरसिंगनं स्वतः खड्डा केला आणि स्वतःच्या हातानं तिला ठेवलं. पद्माबाई पायरीवरून बघत होत्या. शेजारी एक खासी बाई राहायची. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. तिनं कुंपणातली फुलासकट एक फांदी मोडली आणि त्या ओल्या मातीत रोवली. पुढं बदलीचा हुकूम आला तोवर त्या फांदीला नवी पानं फुटली होती. ती पद्माबाईंनी पाहिली आणि मग गाडीत बसल्या.

त्यानंतर दोघांनी गौतमीचं नाव काढलं नाही. ठरवून नाही; काढलंच गेलं नाही. पुढं रविंद्र झाला, मोठा झाला, नांदेडला नोकरीला लागला. आपल्याला एक बहीण होती हे त्याला आत्याकडून कळलं. दरवर्षी ती गेली त्या दिवशी पद्माबाई बुद्धमूर्तीपुढं एक जास्तीची मेणबत्ती लावायच्या. नरसिंग ती बघायचा आणि केळीत निघून जायचा. एकदाच, पेन्शन घेऊन घरी आला त्या वर्षी, जेवताना तो म्हणाला होता, "एकदा जाऊन येऊ तिकडं." पद्माबाई "व्हय" म्हणाल्या होत्या. मग केळीची लागवड, मग रविंद्रचं लग्न, मग नरसिंगच्या गुडघ्याचं दुखणं. जाणं राहिलं.

साठी ओलांडल्यावर नरसिंगला लकवा मारला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. "हां" आणि "न्हाई" एवढे दोन शब्द तेवढे उरले, आणि पद्माबाईंना हाक मारायला "पदा". त्यांनी त्याची खाट मागच्या खिडकीशी ओढली. तिथून केळी दिसायची, वाऱ्यानं फाटलेली पानं हलताना दिसायची. तो दिवसभर तिकडं तोंड करून पडायचा.

नरसिंगचा पुतण्या रत्नपाल हाही फौजेत आहे. त्याची बदली शिलाँगकडं झाली. जायच्या आधी तो भेटायला आला तेव्हा पद्माबाईंनी त्याला सगळं सांगितलं. क्वार्टर कुठं होतं, उतार कुठं, कुंपण कुठं. "सापडलं तर बघून ये," एवढंच म्हणाल्या.

पावसाळ्यात रत्नपाल सुटीवर आला तो थेट आखाड्यावर. त्याच्या पिशवीत ओल्या शेवाळात गुंडाळलेल्या तीन काड्या होत्या. रेल्वेत तीन दिवस तो त्या शेवाळावर पाणी शिंपडत आला होता. पद्माबाईंनी पानाचा एक तुकडा हातात घेतला आणि ओळखला.

"जागा सापडली?" त्यांनी विचारलं.

रत्नपाल चुलीजवळच्या पाटावर बसला. "मोठीमाय, क्वार्टरं न्हाईत आता. समदं पाडलंय. उतार कापून रुंद रस्ता काढलाय."

"आन् कुंपन?"

"थोडंसं राहिलंय, रस्त्याच्या वरल्या अंगाला. ह्या काड्या त्याच्यातल्याच."

"तिला ठेवलं ती जागा?"

 "रस्त्यात गेली, मोठीमाय."

 चहा उतू जायला लागला तो पद्माबाईंनी उतरवला, गाळला, त्याच्यापुढं ठेवला.

"मोठ्या बाबांना सांगू नका," रत्नपाल हळूच म्हणाला. "कशाला उगी तकलीफ?"

"त्यांनी आपल्या हातानं ठेवलं लेकराला," पद्माबाई म्हणाल्या. "त्यांना न सांगून कसं जमंल?"

त्या आत गेल्या. खाटेच्या कडेला बसल्या आणि जे ऐकलं ते तसंच सांगितलं. नरसिंगचा चेहरा अर्धाच हलायचा, पण पाणी दोन्ही डोळ्यांतून आलं. पद्माबाईंनी काड्या त्याच्या डाव्या हातात दिल्या. त्यानं त्या छातीवर धरल्या. सोडेचना. शेवटी "सुकतील त्या, द्या," असं म्हणून त्यांनी बोटं एकेक करून सोडवली.

काड्या जगवायच्या कशा, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी केळी लावली होती, हळद लावली होती, मोगरा लावला होता. तीच रीत इथं धरली. पहिली काडी त्यांनी डब्यात नुसत्या काळ्या मातीत लावली. पाणी धरून बसलेल्या त्या मातीत ती आठवड्यातच कुजली. दुसऱ्या दोन काड्यांना मुरूम, वाळू, जुनं शेणखत कालवून हलकी माती केली. त्यातली एक वाळली. उरलेल्या एकीला पोळ्यापर्यंत दोन पानं आली. रोज सकाळी त्या डबा उचलून खिडकीत धरायच्या. "बघा, आज मोठं झालं," म्हणायच्या. नरसिंग "हां" म्हणायचा.

हिवाळ्यात रोप चांगलं वाढलं. खरी परीक्षा उन्हाळ्यात लागली. मार्च संपता संपता ओसरीवरच्या रोपाच्या पानांच्या कडा करपल्या. दुपारी सगळी पानं ओल्या फडक्यासारखी लोंबायची. मेलं, असं वाटून पद्माबाई भर उन्हात तांब्यावर तांब्या ओतायच्या. मुळं गुदमरून पानं आणखीच खाली. एके दिवशी केळीत काम करायला आलेली तांड्यावरची भिकाबाई राठोड हे बघत उभी राहिली. भिकाबाई वर्षानुवर्षं त्यांच्याकडं कामाला यायची.

"काहून बुडवून राहिलात त्याला?" ती म्हणाली. "सांजपर्यंत दम धरा की जरा."

त्यांनी दम धरला. ऊन कलल्यावर पानं आपोआप उभी राहिली. तेव्हापासून पाणी सकाळी आणि दिवेलागणीला, दुपारी कितीही मान टाकली तरी नाही. पण उन्हाळा वाढला तसं ओसरीवर ते तगणार नाही हे दिसायला लागलं. दुपारी केळीच्या बागेत शिरलं की अंगाला गारवा लागतो, हे पद्माबाईंना ठाऊक होतं. पानांची दाट सावली, खाली ओल. त्यांनी बाग आणि खिडकी यांच्या मधल्या पट्टीत हातभर खोल खड्डा घेतला, काळी माती काढून टाकली, आपली कालवलेली माती भरली, रोप लावलं आणि बुडाशी केळीच्या वाळल्या पानांचा जाड थर दिला. मे महिना त्यानं तिथं काढला.

मग पानं पिवळी पडायला लागली. शिरा हिरव्या, मधलं सगळं पिवळं. बोअरच्या पाण्यात क्षार होता. पद्माबाईंनी पत्र्याच्या वळचणीला ड्रम लावले आणि पावसाचं पाणी साठवून फक्त त्या झाडाला ठेवलं. कृषी केंद्रातून आणलेली लोहाची पूडही थोडी थोडी घातली. गावातल्या काही बाया बोलायच्या, ज्याची माळ होत नाही, जे वाहता येत नाही, त्याच्यासाठी एवढं कशाला. पद्माबाई ड्रमातून तांब्या भरून घ्यायच्या.

झाडाचा तो एका खोडाचा आकार मुळातला नाही. हायड्रेंजिया जमिनीपासूनच झुडपासारखा पसरतो. तो तसाच पसरत होता आणि खाटेवरून नरसिंगला दिसत नव्हता. खिडकीची चौकट उंच. तो मान वर करायचा, थकायचा, पुन्हा उशीवर टाकायचा. पद्माबाईंनी मग एक सरळ फुटवा निवडला, बांबूची काठी रोवून त्याला सुती चिंधीनं सैल बांधला आणि बुडातून निघणारा बाकीचा प्रत्येक फुटवा कोवळा असतानाच खुडत गेल्या. फुटवा वाढेल तशी काठी बदलायची, चिंधी वर सरकवायची. दुसऱ्या पावसाळ्याच्या शेवटी पानांचा घेर चौकटीच्या वर आला. नरसिंगला तो उशीवरून दिसला. त्या दिवशी त्यानं "पदा" अशी मोठ्यानं हाक मारली. त्या धावत आल्या, तर तो नुसता डाव्या हातानं बाहेर दाखवत होता.

एकदा त्यांना झाडाच्या बुडाशी, खिडकीच्या बाजूला ओल दिसली. सकाळी त्यांनी पाणी घातलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी पुन्हा तसंच. मग त्यांनी आडून पाहिलं. नरसिंगनं उशाशी ठेवलेला प्यायच्या पाण्याचा मग डाव्या हातात धरला होता. तो गजांपर्यंत नेला आणि बाहेर ओतला. अर्धं पाणी त्याच्याच अंगावर सांडलं. पद्माबाई पुढं झाल्या नाहीत. त्या दिवसापासून त्यांनी उशाशी दोन मग ठेवले.

तिसऱ्या वर्षीही फूल आलं नाही. सुटीच्या दिवशी आलेल्या रविंद्रनं मोबाइलवर बघून विचारलं, "आई, तू थंडीत शेंडे छाटले होते का?"

"व्हय. मोगऱ्याचे छाटतो तसे."

"ह्याच्या जुन्या शेंड्यातच कळी धरते. ते छाटले की त्या वर्षीचं फूल गेलं."

 पद्माबाईंनी नरसिंगला हे सांगितलं नाही. त्याची तब्येत तेव्हा उतरत चालली होती. घास गिळताना ठसका लागायचा. पुढचं वर्ष तो बघेल की नाही, हे कुणीच सांगू शकत नव्हतं.

पुढच्या थंडीत त्यांनी झाडाला कात्री लावली नाही. वसंतात शेंड्यांवर फुगीर कळ्या दिसल्या. आणि एप्रिलमध्ये एका दुपारनंतर वायव्येकडून आभाळ काळं झालं. आधी वारं सुटलं, मग पत्र्यावर दगड पडावेत तशा गारा. घडांनी वाकलेली केळी कडाकड मोडायला लागली. पद्माबाई नरसिंगच्या अंगावर वाकळ ओढायला गेल्या. तो डाव्या हातानं त्यांना ढकलायला लागला. त्यांना वाटलं, घाबरला. "हाय मी हितंच," त्या म्हणाल्या. तो जोरजोरात "न्हाई, न्हाई" करत राहिला, खिडकीकडं हात करत. तेव्हा त्यांना कळलं.

दारातलं घमेलं डोक्यावर धरून त्या धावल्या. झाडावर केळीचा एक खुंट आडवा आला होता, काठी मोडली होती, वरचा घेर फाटला होता. एकच फांदी शाबूत दिसली. पद्माबाईंनी डोक्यावरचं घमेलं काढलं आणि त्या फांदीवर धरलं. गारा त्यांच्या डोक्यावर, खांद्यावर, मनगटावर पडत राहिल्या. वर बघितलं तेव्हा गजांपलीकडं नरसिंगचा चेहरा होता. एका कुशीवर रेटून तो उठला होता. लकवा मारल्यापासून असा तो स्वतःहून कधीच उठला नव्हता. गारा थांबेपर्यंत दोघं तसेच राहिले.

केळीची बाग झोपली होती. सावली गेली होती. दुसऱ्याच दिवशी रविंद्र हिरवी जाळी घेऊन आला आणि चार बांबू रोवून झाडावर बांधून गेला. मोडलेल्या जागा पद्माबाईंनी शेणमातीनं लिंपल्या, नवी काठी दिली. भिकाबाईनं त्यांच्या हातावरचे काळेनिळे वळ बघितले आणि हळद गरम करून लावली. 

आषाढात त्या एका फांदीच्या टोकाला हिरवट गेंद आला. तो पांढुरका झाला, हळूहळू भरला, आणि एके सकाळी पूर्ण उमलला. गुलाबी. फिकट नव्हे, चांगला भरदार गुलाबी. पद्माबाईंनी गजांच्या फटीतून फांदी हलकेच वाकवून नरसिंगच्या तोंडाशी आणली.

त्यानं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "न्हाई."

 "व्हय, तिकडं निळं व्हतं," त्या म्हणाल्या. "रत्नपाल म्हणला होता, रंग मातीवर असतो म्हणून. आपली माती येगळी हाय. ह्या मातीत गुलाबीच येतंय."

"न्हाई," तो पुन्हा म्हणाला. 

"आवो, त्याच कुंपनाचं हाय. तिच्या डोक्याशी फांदी रवली होती ना, तेच कुंपन." पद्माबाई थांबल्या. मग त्यांनी ते नाव घेतलं, त्या डोंगरातून निघाल्यापासून पहिल्यांदाच, त्याच्यासमोर, मोठ्यानं. "आपल्या गौतमीचं हाय."

नरसिंगनं ते नाव म्हणायचा प्रयत्न केला. नुसता घशातून आवाज आला. त्यानं पुन्हा प्रयत्न केला. पद्माबाई त्याच्यासोबत म्हणत राहिल्या, लेकराला शिकवतात तसं, हळूहळू. जमलं नाही. मग त्यानं डावा हात उचलून फुलावर ठेवला. दिवसभर त्या खिडकीशी बसून बोलत होत्या. गौतमीचे पाय कसे गार पडायचे, ती तुमची टोपी कशी ओढायची, तुम्ही तिला स्वेटरच्या आत घेऊन कसे फिरायचे. तो "हां" म्हणत होता.

ते फूल दोन महिने टिकलं. रंग उतरून हिरवट झालं, तरी त्यांनी तोडलं नाही. थंडीत नरसिंग गेला. सकाळी चहाचा घोट दिला, तो गालावरून ओघळला. विहारात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. रविंद्र म्हणाला, "आई, आता नांदेडला चल." त्या म्हणाल्या, "येते अधूनमधून. राहायचं हितंच." तो दोनदा म्हणाला, तिसऱ्यांदा म्हणाला नाही.

पुढच्या पावसाळ्यात झाडावर सात-आठ गेंद आले. रस्त्यावरून दिसतात म्हणून बाया बघायला यायला लागल्या. पद्माबाई त्यांना सांगायच्या, हे माझ्या लेकीचं झाड.  मग एखादी बोलायची. कुणाचं लेकरू ऊसतोडीच्या फडावर गेलेलं, कुणाचं जन्मल्या दिवशीच. भिकाबाई इतक्या वर्षांत कधी बोलली नव्हती. एक दिवस निंदण टाकून ती झाडापाशी बसली. "माझाबी एक व्हता," म्हणाली. "वाटंत गेला. वाटंतच ठेवला. जागासुदिक याद न्हाई, बाई." पद्माबाई तिच्याशेजारी मातीत बसल्या. त्या दिवशी निंदण तेवढ्यावरच राहिलं.

यंदा भिकाबाई आपल्या सुनेला घेऊन आली. सुनेचं नाव निलम. दोन महिन्यांपूर्वी तिचं बाळ गेलं होतं, तेव्हापासून ती कुणाशी बोलत नव्हती, जेवत नव्हती. घरातले तिला म्हणत होते, इसर आता, वय हाय तुझं, दुसरं होईल. भिकाबाईनं तिला खिडकीखालच्या दगडावर बसवलं आणि स्वतः लांब कालव्याच्या कडेला जाऊन थांबली.

पद्माबाईंनी झाडाचं काहीच सांगितलं नाही. पाण्याचा तांब्या पुढं ठेवला.

"पोरगा व्हता का पोरगी?" त्यांनी विचारलं.

"पोरगी," निलम म्हणाली.

"नाव काय ठेवलं व्हतं?"

निलमनं मान हलवली. "बारसं झालंच न्हाई. न्हाई ठेवलं."

"मनात कोणतं तरी असंल की."

निलम पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. पानांवरून पावसाचं पाणी ठिबकत होतं. मग तिनं एक नाव सांगितलं, इतकं हळू की पद्माबाईंना पुढं वाकून पुन्हा विचारावं लागलं.